गच्चीवरचा रस्सा

सरुमावशी माझ्या आईची सख्खी बहीण नव्हे, मावसबहीण. पण दोघी गडहिंग्लजजवळच्या एकाच वस्तीत, एकाच चुलीपाशी वाढल्या. आई तिला अक्का म्हणायची. लग्न होऊन ती कोल्हापुरात आली ती आकाराम कुरण्यांची बायको म्हणून. आकारामकाका फाउंड्रीत होते. लोखंड ओतायचे साचे वाळूत करायचे असतात, ते काम त्यांच्याकडं. घरी आले तरी त्यांच्या भुवयांत, कानाच्या पाळीमागं काळी वाळू असायची. शहराच्या कडेला बौद्धवस्तीत त्यांचं भाड्याचं पत्र्याचं घर होतं, दोन खोल्यांचं, आणि मागं थोडं परडं.

त्या परड्यात मावशीनं एक खड्डा करून घेतला होता. काकांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यात शेणी, म्हणजे गोवऱ्या, पेटायच्या.

नव्वदीच्या सुरुवातीला मी मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याकडं जायची, तेव्हाचं मला सगळं आठवतं. काका पहाटेच बाजारामागच्या कसायाकडं जाऊन मोठ्याचं घेऊन यायचे. मोठ्याचं म्हणजे रेड्याचं. आमच्यात त्याचं दुसरं नाव कुणी घेत नसे. मावशी हाडासकट मोठे मोठे तुकडे ठेवायची. हळद, मीठ, आलं-लसूण चोळून बाजूला ठेवायची आणि तोवर निखाऱ्यात कांदे भाजायची, खोबरं भाजायची. पाट्यावर वाटताना तिच्याशी बोललेलं तिला चालत नसे. मडक्याच्या तळाला चरबी, वर मटण, वर वाटण, घरची कांदा-लसणाची चटणी आणि बेताचं पाणी. झाकण ठेवून कडेनं जोंधळ्याच्या पिठाची कणिक लिंपायची, मडकं खड्ड्यात उतरवायचं, आणि विझत आलेले निखारे झाकणावरसुद्धा पसरायचे. मग दुपार कलेपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. मावशी मध्ये मध्ये येऊन कान द्यायची. आतला आवाज ऐकून निखारा वाढवायची नाहीतर राख टाकायची.

झाकण उघडलं की मटण हाडापासून आपोआप सुटलेलं असे. रस्सा काळसर, दाट, बोटाला चिकटणारा. काका भाकरी कुस्करायचे, वर रस्सा घ्यायचे आणि जेवण संपेपर्यंत एक अक्षर बोलायचे नाहीत.

वस्तीतल्या काही घरांनी मोठ्याचं सोडलं होतं. धम्म घेतल्यावर हे कशाला, असं म्हणणारे होते. एकदा शेजारचे बाळासो तसं म्हणाले तेव्हा काका एवढंच म्हणाले, "मेलेलं ढोर वडायचं माज्या बापानं सोडलं. हे मी कष्टाच्या पैशानं इकत आनतोय." पुन्हा तो विषय त्यांच्या दारात निघाला नाही.

मावशीची दोन लेकरं जगली नाहीत. तिसरा कृष्णात जगला. तो अभ्यासात हुशार, अबोल. त्याच्या शाळेसाठी काका ओव्हरटाइम करायचे आणि मावशी शाहूपुरीत एका दवाखान्यात झाडलोट करायची. कृष्णात बँकेत लागला तेव्हा वस्तीनं त्याचा सत्कार केला. पुढं त्याचं लग्न झालं, जयसिंगपूरच्या रूपालीशी. ती बारावी झालेली, समजूतदार पोरगी. दोन हजार एकच्या सुमाराला कृष्णातनं शाहूपुरीत भाड्यानं फ्लॅट घेतला.

घरमालकानं त्याला विचारलं होतं, कुरणे म्हणजे कुठले? कृष्णात म्हणाला, गडहिंग्लजकडले. मालकानं पुढं विचारलं नाही आणि कृष्णातनं पुढं सांगितलं नाही. एवढंच. खोटं तो एक शब्द बोलला नव्हता. बाबासाहेबांचा फोटो मात्र त्यानं बाहेरच्या खोलीत न लावता आतल्या खोलीत लावला. इमारतीतले लोक त्यांना आपल्यातलेच समजू लागले. हळदीकुंकवाला रूपालीला बोलावणं यायचं, आणि ती जायची.

मावशी आणि काका तेव्हा वस्तीतच होते. पण काकांची छाती गेली. आधी खोकला, मग चार पावलांत दम. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं की वाळूची धूळ फुफ्फुसात बसली आहे, ती आता निघत नसते. फाउंड्रीनं त्यांना घरी बसवलं. शेवटी कृष्णातनं वस्तीतलं घर सोडायला लावलं आणि दोघांना फ्लॅटवर आणलं. काका तिसऱ्या मजल्यावर एकदा चढले, ते पुन्हा आपल्या पायांनी उतरले नाहीत.

मी त्या वेळी कोल्हापुरात डी.एड. करत होते आणि हॉस्टेलवर राहायची. रविवारी किंवा सुट्टीला मावशीकडं जायची. तिथं मावशी मला वेगळीच दिसायची. दारात आवाज आला की ती पदर नीट करायची, बोलणं हळू करायची. वस्तीत तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. कृष्णातनं तिला काही शिकवलं होतं असं नाही. पण तो बाहेर जाताना एकदा वळून बघायचा, आणि मावशीला ते कळायचं.

त्या इमारतीत तिला एकच माणूस मिळालं, समोरच्या फ्लॅटमधली मोना. पन्हाळ्याकडची, नवरा अमरसिंह ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात भागीदार. मोनाची आई लहानपणीच गेलेली. मावशीकडून ती चटणी करायला शिकली. उन्हाळ्यात दोघी गच्चीवर शेगडी नेऊन मिरच्या भाजायच्या आणि ठसका लागून दोघी एकमेकींवर हसायच्या. मोना तिला काकू म्हणायची. घरात काही गोड झालं की पहिली वाटी समोरच्या दारात. मावशी मला म्हणाली होती, "पोटची लेक असती तर अशीच असती बग."

दोन हजार चारच्या हिवाळ्यात काकांनी खाणं सोडल्यासारखं केलं. औषधं वाढली होती. नाकाशी ऑक्सिजनची नळी. पेज, दूध, काहीही दिलं तरी दोन घोट. मावशी कधी अंडं करायची, कधी मासा, कधी पांढरा रस्सा. काका चमचा बघायचे आणि मान फिरवायचे. एक दिवस त्यांनी स्वतःहून मागितलं.

"सरू, खड्ड्यातलं कर की एकदा."

मावशीनं आधी रूपालीला विचारलं. रूपालीच्या माहेरी मोठ्याचं शिजत नसे, तिनं कधी खाल्लंही नव्हतं. तरी ती म्हणाली, "आत्ती, मामास्नी खावंसं वाटतंय तर करा. ह्यास्नी मी सांगत न्हाय." तिनं सुचवलं की कुकरमध्ये करा, खिडक्या लावून घेऊ. मावशीनं मान हलवली. कुकरमधलं शिजतं, पण रस्सा पाण्यासारखा राहतो, आणि ह्यांनी मागितलंय ते हे नव्हे. मग गच्ची ठरली. गच्चीवर शेगडी पेटणं इमारतीला नवीन नव्हतं. धूर दिसला तरी मसाला भाजतायत म्हणतील.

शनिवार धरला, कारण त्या दिवशी कृष्णात बँकेच्या कामासाठी सांगलीला जाणार होता. मावशी सकाळी केएमटीच्या बसनं जुन्या वस्तीकडं गेली आणि ओळखीच्या कसायाकडून डब्यात मटण घेऊन, वर मेथीची जुडी टाकून परतली. मी पोचले तेव्हा ती गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसलेली. मोठी शेगडी, शेणी, मडकं. कणिक लिंपून झाली होती. झाकणावर निखारे होते. बऱ्याच वर्षांनी तिच्या तोंडावर मी ते परड्यातलं भान बघितलं. तिनं मला बोटानंच बस म्हणून खुणावलं.

दुपारपर्यंत तिनं जागा सोडली नाही. मध्ये एकदा खाली जाऊन काकांना उठवून बसवून आली आणि सांगितलं की होत आलंय. ते ऐकून काकांनी उशी मागं लावून घेतली, असं ती कौतुकानं सांगत होती.

मोना धुणं वाळत घालायला वर आली. नाक वर करून म्हणाली, "काकू, काय शिजतंय? वास जिन्यापातूर आलाय."

"मटण हाय," मावशी म्हणाली. "ह्यास्नी खावंसं वाटलं."

ते खोटं नव्हतं. मोनानं दोरीवर धुणं घातलं आणि आमच्यापाशी बसली. इकडच्यातिकडच्या गोष्टी निघाल्या. तिला दिवस गेले होते, तिसरा महिना होता, आणि कशावरच वासना नाही असं ती सांगत होती. आज पहिल्यांदा एखाद्या वासानं भूक लागली म्हणाली. मावशी हसली, पण मला दिसलं की तिचं हसू अर्ध्यात थांबलं.

मावशीनं निखारे बाजूला केले, वाळलेली कणिक चिमट्यानं फोडली आणि झाकण उचललं. रस्सा तसाच होता, काळसर, दाट, वर चरबीचा तवंग. मोना उठली आणि खाली पळाली. परत आली ती वाटी घेऊन. मावशी म्हणाली की आजारी माणसापुरतंच केलंया, थोडंच हाय, तुला मी उद्या दुसरं करून देते. मोनाला तो नुसता संकोच वाटला. मला नुसता रस्सा बास म्हणाली, आणि पळी घेऊन स्वतःच वाढून घेतलं. फुंकर मारली. वाटी तोंडाशी नेली.

मावशीनं तिचं मनगट धरलं.

"मोना, खाऊ नको. मोठ्याचं हाय ते."

मोनाला पहिल्यांदा कळलं नाही. "मोठ्याचं म्हंजे?"

"रेड्याचं."

गच्चीवर वारं होतं, धुणं फडफडत होतं. मोना वाटीकडं बघत राहिली. मग मावशीच्या हातातून मनगट तिनं हळूच सोडवून घेतलं. ओढलं नाही, सोडवून घेतलं.

"काकू, तुमी कोन हाय मग?"

"आमी बौद्ध," मावशी म्हणाली.

मोनानं मान डोलावली. वाटी कठड्यावर ठेवली. दोरीवरचं धुणं अजून ओलंच होतं, ते एकेक करून काढलं, खांद्यावर घेतलं आणि ती जिना उतरून गेली. तिच्या पाठीवर ब्लाउज ओला होत चाललेला मला दिसत होता. वाटी तिनं नेली नाही.

मावशी म्हणाली, "चल, गार हुईल." आम्ही मडकं फडक्यात धरून खाली आणलं.

काका बसूनच होते. मावशीनं भाकरी बारीक कुस्करली, रस्सा घातला, मटणाचा मऊ तुकडा बोटांनी तोडला आणि घास त्यांच्या तोंडात दिला. रूपाली दारात उभी होती. काका चावत राहिले. खूप वेळ चावत राहिले. आम्ही तिघीही त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"काय हाय गं हे?" त्यांनी विचारलं.

"मोठ्याचं की. तुमी म्हनला न्हवता का? खड्ड्यातल्यागत केलंया."

"व्हय?" काका म्हणाले. पुन्हा चावलं. मग दोन बोटांनी घास बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला. "कायच लागंना, सरू. वाळू चावल्यागत लागतंय."

मावशीनं दुसरा घास केला. थोडं मीठ लावलं. तोही त्यांनी तोंडात घेतला, तिच्यासाठी घेतला असं मला वाटलं, आणि गिळता येईना म्हणून खोकला सुरू झाला. नळी नीट करून रूपालीनं त्यांना आडवं केलं. काकांनी डोळे मिटून घेतले तेव्हा कडेनं पाणी आलं होतं. खोकल्यानं असेल.

आमच्यापैकी कुणीच ते जेवलं नाही. मी खाल्लं असतं, मला आवडायचं, पण त्या ताटाकडं बघून हात पुढं झाला नाही.

मोनानं फक्त नवऱ्याला सांगितलं असावं. अमरसिंहनं आणखी कुणाला. कृष्णात संध्याकाळी सांगलीहून आला तेव्हा खाली पार्किंगमध्येच दोघातिघांनी त्याला थांबवलं. काय बोलले ते त्यानं कधी सांगितलं नाही. वर आला, बूट काढले, हातपाय धुतले आणि मावशीसमोर जमिनीवर बसला. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला नाही.

"आये, केलंस ते केलंस. आबांसाठी केलंस. पन ती खात हुती तर गप बसायला काय झालतं तुला?"

"तिच्या तोंडात कसं जाऊ दिऊ?" मावशी म्हणाली. "तिला ठावं न्हवतं रं. पोटुशी हाय ती. उद्या कळलं असतं तर काय वाटलं असतं तिला?"

"कळलं नसतं."

"मला तर ठावं हुतं की."

कृष्णात म्हणाला, "तिला काय वाटंल ते बगितलंस. आमचं काय हुईल ते बगितलं न्हाईस." तो उठून आत गेला. त्या घरात तो तिच्याशी मनापासून बोलला असं ते शेवटचंच.

मडक्यातलं कचऱ्यात टाकता येईना, लोक बघतील. रूपालीनं ते संडासात ओतलं आणि वरून बादल्या बादल्या पाणी.

कुणी काही बोललं नाही. ते लोक वाईट नव्हते, शिव्या देणारे नव्हते. फक्त हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. जिन्यात कुणी भेटलं की फोन आल्यासारखं करायचं. छोटी मनाली, कृष्णातची मुलगी, खाली खेळायला गेली की तिच्या मैत्रिणींना अभ्यास असायचा. तिनं एकदा विचारलं की आपण काय केलं, तेव्हा रूपाली तिला घेऊन स्वयंपाकघरात बसली आणि दोघी रडल्या. समोरचं दार मोना बंदच ठेवायची. एकदा दोन्ही दारं एकाच वेळी उघडली. मावशी म्हणाली, "बरी हाईस का?" मोना म्हणाली, "व्हय," आणि आत गेली.

महिनाभरानं काका गेले. वस्तीतली माणसं आली, त्यांनीच खाली उतरवलं. तीन मजल्यांवरची दारं लावलेली होती. अमरसिंह मात्र जिन्याच्या वळणावर हात जोडून उभा होता. तिरडी पुढं गेली, पण तो पुढं आला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी घरमालक आला. त्याच्या पुतण्याचं लग्न ठरलं होतं, त्याला फ्लॅट हवा होता. फार अजीजीनं बोलला, चहा मात्र नको म्हणाला. कृष्णातनं स्वतःच बदली मागून घेतली आणि जयसिंगपूरला रूपालीच्या माहेराजवळ बिऱ्हाड केलं. तिथं त्यानं बाहेरच्या खोलीत फोटो लावला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण त्यातलं सुखही त्याला लागलं नाही. मावशी ताट वाढायला आली की तो म्हणायचा, रूपाली वाढेल. मावशी जेवायला बसली की त्याला बाहेर काम निघायचं. रूपालीनं खूप केलं, दोघांमध्ये पुष्कळ बोलली. मावशीनं एक दिवस सांगितलं की मला गावाकडं सोडा, भाऊ हाय, जागा हाय. कृष्णातनं एसटीत बसवून दिलं. थांब म्हणाला नाही.

गडहिंग्लजकडं भावाच्या घरी मावशीनं चुलीपाशी बसणं सोडलं. भावजय द्यायची ते खायची. वस्तीत बुद्धजयंतीला मोठं जेवण असलं की बायका तिला बोलवायला यायच्या, कारण तिच्या हाताची चव सगळ्यांना माहीत. ती म्हणायची, हातात जोर न्हाय. पण तिच्या हातात जोर होता. मी बघितलं, ती रोज परड्यात एकटी बसून शेणी थापायची, भिंतभर, आणि कुणी त्या मागितल्या की घ्या म्हणायची.

दोन हजार आठच्या दिवाळीत मी शिक्षिका म्हणून लागल्यावर तिला साडी घेऊन गेले. तिनं साडी मांडीवर ठेवली, उलगडली नाही. मग म्हणाली, "पोरी, तू हुतीस तितं. खरं सांग. गप बसाय पायजे हुतं का मी?"

मी म्हणाले, "न्हाय मावशी. तू बरोबर केलंस."

"बरोबर करून काय झालं?" ती म्हणाली. "ती पोरगी गेली. माजं पोर गेलं. म्हातारा उपाशीच गेला. घास लागला न्हाय त्यास्नी. तवा वाटतं, खाल्लं असतं तिनं वाटीभर तर काय पोटातलं मूल बाटलं असतं का?" आणि मग माझं उत्तर न ऐकता, "रोज वाटतं," म्हणाली.

भावजय चहा घेऊन आली म्हणून तो विषय तिथंच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेली. दोन दिवस ताप आला, एवढंच निमित्त. कृष्णात जयसिंगपूरहून आला, सगळं रीतीप्रमाणं केलं, बुद्धवंदनेला सगळ्यांच्या मागं बसला. रूपाली रडत होती, तो रडला नाही. माझी आई त्याला म्हणाली की चार दिवस ऱ्हा बाबा, आईचं घर हाय. तो म्हणाला, मावशी, बँकेत सुट्टी न्हाय. दुपारच्या गाडीनं तो परत निघाला. एसटीच्या खिडकीत बसल्यावर त्यानं एकदा बाहेर बघितलं, आमच्याकडं नाही, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, जिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. गाडी हलली.